बहात्तर सेकंदांचं मिनिट

जिंतूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक अरुंद खोली आहे. तिथल्या सतरंजीवर मांडी घालून बसा. खेळायचा बटणांचा पॅड हातात घ्या. समोर जुना, मागे पोट असलेला टीव्ही. पडद्यावर तुमचा पहिलवान उभा आहे आणि दुसरा त्याच्यावर मूठ उगारतोय. ती मूठ लागायच्या जरा आधी तुम्हाला एक बटण दाबायचं आहे. लवकर दाबलंत तर तुमचा माणूस हवेत हात मारून उघडा पडतो. उशीर झाला तर नाक फुटतं. नेमकं दाबलंत तर तो समोरची मूठ हवेतच धरतो, त्या माणसाला डोक्यावर उचलतो आणि आपटतो. ही नेमकी वेळ सेकंदाच्या आठव्या भागाएवढी असते.

तुम्ही पहिल्या शंभर वेळा चुकाल. मी त्याहून जास्त चुकलोय. विजयमाला अक्का अकरा वर्षं जवळजवळ चुकलीच नाही.

खेळाचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक आहे. जिंतुरात त्याला ‘बुक्की’ म्हणतात. पहिला भाग जुनी बुक्की, दुसरा नवी बुक्की. मूठ हवेत धरण्याला ‘झेल’ म्हणतात. अक्काच्या पहिलवानाचे हात घणासारखे म्हणून त्याचं नाव लोहार. ही सगळी नावं अक्काच्याच या दुकानात पडली.

अक्का येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत जन्मली. घरी मेंढरं, शेरडं आणि थोडी कोरडवाहू जमीन. शाळा सातवीपर्यंत. शेळीला औषध पाजायचं तर आधी ती धरावी लागते, आणि घरात हे काम तिचंच होतं. ती सांगते, “पाय बगितला की शेळी गेलीच. खांदा बगायचा. खांदा हालला की एक, दोन, आन दोनला धरायची.” लग्न होऊन ती जिंतुरात आली. नवरा अमृत यानं हौसेनं दोन गेमच्या मशिनी घेऊन दुकान टाकलं. पुढं तो ट्रकवर गेला आणि दुकान अक्काच्या गळ्यात पडलं. पोरं खेळायची, ही मागं बसून मेथी निवडायची. एक दिवस मेथीची पाटी बाजूला सारून तिनं पॅड मागितला, आणि आठवड्याभरात कुणी तिला हरवेना. तिनं पडद्यावरही खांदाच बघितला होता. खांदा हलला की मनात एक, दोन, आणि दोनला बटण.

पुढं सगळं जिंतूर तसंच शिकलं. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी मोजायला शिकवायचं. मोठ्यानं मोजणाऱ्याला हसायचे, पण मनात सगळे मोजायचे. हरला तो उठायचा आणि अक्का बसलेलीच राहायची.

मागच्या फेब्रुवारीत परभणीच्या एका कॉलेजनं स्पर्धा ठेवली. नव्या बुक्कीवर. आम्ही आठ जण अक्काला घेऊन एस.टी.नं गेलो. नवी बुक्की तिनं तोवर खेळलीच नव्हती. आमच्यातला एसटीच्या वर्कशॉपातला मेकॅनिक सिताराम तिला म्हणालाही, “वहिनी, दोन दिवस हात बसवून घ्या.”

“लोहार हाय ना तिच्यात?”

“हाय.”

“झेल हाय?”

“हाय.”

“मंग काय बसवायचं? हात मपलेच हायत.”

पहिल्याच फेरीत तिच्यासमोर निकिता नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी आली. अक्कानं खांदा बघितला, मोजलं, दाबलं. लोहारच्या नाकावर मूठ बसली. पुन्हा मोजलं, पुन्हा बसली. दोन डाव, दोन्ही गेले. एकही झेल लागला नाही. निकिता चांगल्या घरची पोर, उठून म्हणाली, “काकू, तुम्ही खरंच मस्त खेळता. फक्त थोडं उशिरा दाबताय.”

परतीच्या वाटेवर बोरीला गाडी थांबली तेव्हा अक्कानं तोंड उघडलं आणि जिंतूर येईस्तोवर मिटलं नाही. खेळ बेकार. बनवणारे बेकार. पहिल्यात जीव ओतला आणि दुसऱ्यात निस्ता रंग. कुणाला खेळाची अक्कल न्हाई. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून विचारलं, “कुणाचं लगीन मोडलं का माय?”

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर खडूनं लिहिलं होतं : येथे नवी बुक्की मिळणार नाही. विचारू नये.

मला खरं सांगायचं तर तेव्हा तिचाच राग बरोबर वाटला. नवी बुक्की मीही खेळलो होतो. लोहारनं कुणाला उचललं की आता पडद्यावर दर वेळी छोटा सिनेमा सुरू होतो, वेगवेगळ्या बाजूंनी तेच आपटणं दाखवतात, आणि तेवढा वेळ तुम्ही पॅड धरून बसून राहायचं. नवख्यासाठी एक सोय आहे : ती चालू केली की मार आपोआप अडवला जातो. म्हणजे शिकायचंच नाही. वर इंटरनेट लागतं. लाईन गेली की जिंकत आलेला डाव गेला. अक्कानं हे सगळे गुन्हे बोटांवर मोजले होते आणि चौथं बोट सगळ्यात जोरात आपटायची : “झेल बिगडवलाय. टाइम कमी केलाय. चोरलाय त्यांनी टाइम.”

चौथ्या बोटावर तिचा सगळा जीव होता. पहिली तीन खरी असोत की खोटी, त्यानं ती हरली नव्हती. झेल खेळानं बिघडवला असेल तर ती अजून तीच विजयमाला होती. नसेल, तर परभणीच्या मुलीनं जे सांगितलं ते खरं.

आणि सितारामनं हे बरोबर ओळखलं होतं. तो नऊ वर्षं तिच्याकडून हरत आला होता, आणि आता मोंढ्याजवळच्या दुसऱ्या दुकानात नवी बुक्की खेळून जिंकायला लागला होता. रोज संध्याकाळी ड्युटी सुटली की अक्काच्या दारात येऊन उभा राहायचा.

“वहिनी, नवी गाडी आली म्हणून जुन्या ड्रायव्हरनं रस्त्याला शिव्या देऊ नाहीत.”

“सितारामभाऊ, नऊ वर्सं हरलाव. तवा एकदा तरी म्हणलाव का, खेळ बेकार हाय म्हणून?”

“न्हाई म्हणलो. मला माहीत व्हतं, मीच बेकार हाय.”

दारातली पोरं हसली. अक्का हसली नाही. पोरं हळूहळू मोंढ्याकडे जायला लागली होती, तेही तिला दिसत होतं. तिनं माझ्याकडं बोट केलं. “तू इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलास ना? मंग बसून काय ऱ्हायलास? सिद्ध कर. सगळ्यांच्या म्होरं सिद्ध कर की नवीत टाइम कमी हाय.”

मला वाटलं होतं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉपवर नवी बुक्की घेऊन गेलो. दोन्ही खेळांत डावाच्या वर घड्याळ असतं, साठापासून शून्यापर्यंत उलटं जाणारं. दोन्हीकडे घड्याळ संपेपर्यंत कुणी हालचाल करायची नाही, मी मोबाईलवर वेळ लावायची, आणि मग झेलाची वेळ व्हिडिओ काढून मोजायची, असं ठरलं. सिताराम पंच म्हणून मुद्दाम सुट्टी टाकून आला होता.

नवी बुक्की : साठ सेकंद. अगदी साठ.

जुनी बुक्की : बहात्तर.

मी म्हटलं, मोबाईल अडकला असेल. पुन्हा लावली. बहात्तर. सितारामनं स्वतःच्या मोबाईलवर लावली. बहात्तर.

“म्हंजे?” अक्का म्हणाली. “बग, नवीत बारा सेकंद चोरले का न्हाई?”

मला उत्तर कळलं होतं. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी इतकी वर्षं या खोलीत बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडचे जुने टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचे. काही देशांत साठ दाखवत, आणि आताचे पडदे सगळीकडेच साठ दाखवतात. खेळ साठ चित्रांच्या हिशोबानं बनवला होता. आपल्यासारख्या देशांत विकताना प्रत्येक हालचाल पन्नासाला बसवून घ्यायला हवी होती. ते काही अवघड नव्हतं. बसवली नाही. तशीच डिस्क भरून पाठवून दिली, आणि इथं अख्खा खेळ सहा पावलांच्या जागी पाच पावलं टाकत चालला. माणसं हळू, मुठी हळू, घड्याळसुद्धा हळू. डबीवर यातलं एक अक्षर नाही. अमृतनं तर हट्टानं नांदेडहून खरी डिस्क आणली होती. फूटपाथवरची नकली कदाचित दुसऱ्या देशातली निघाली असती आणि बरोबर पळाली असती. पैसे मोजून प्रामाणिकपणे घेणाऱ्याच्या वाट्याला हे आलं.

मी एवढं सगळं सांगितलं. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, “नवीचा टाइम बरोबर हाय.”

“हो.”

“जुनीचाच चूक हाय.”

“आपल्या इथल्या जुनीचा.”

“आन आमी एक-दोन मोजायलो ते...”

“ते आपल्या टीव्हीपुरतं बरोबर होतं.”

तिनं पॅड सतरंजीवर आपटला नाही. शांतपणे खाली ठेवला आणि माझ्यावर इतकी ओरडली की झेरॉक्सवाले माणिकराव चष्मा हातात घेऊन दारात आले. शिकून काय उपयोग तुझा, अकरा वर्सं इथं बसून शेंगा खाल्ल्यास, तुला एकदा घड्याळ लावून बगावं वाटलं न्हाई? तिचं बरोबर होतं.

चार दिवसांनी मी जुन्या बुक्कीची साठवर पळणारी आवृत्ती लॅपटॉपवर आणली. अक्कानं दार लोटून घेतलं. आत ती, मी आणि सिताराम. तोच लोहार, तीच मैदानं, तोच रंग. फक्त सगळं घाईत असल्यासारखं. तिनं खांदा बघितला, मोजलं, दाबलं. नाकावर. दहा वेळा खेळली, दहाही वेळा दोन म्हणेपर्यंत मूठ लागून गेलेली असे. खांदा हलण्यापासून मूठ लागण्यापर्यंत आमच्याकडं जवळजवळ अर्धा सेकंद होता. खऱ्या खेळात त्यातला सहावा हिस्सा नसतोच.

मग मी सांगायचं ते सांगितलं. नवी बुक्की वाईटच आहे. तो सिनेमा, ती आपोआप अडवायची सोय, ती इंटरनेटची कटकट, तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि मी त्या कुणापुढंही मांडीन. जुनी तिच्यापेक्षा चांगली आहे. पण अक्का हरली ती त्यामुळं नाही.

सिताराम हळू आवाजात म्हणाला, “जाऊ द्या वहिनी. आमी बी हळूच खेळलो ना. सगळं जिंतूर हळू. त्यात तुमीच एक लंबर व्हताव.”

“तुमाला चालंल, सितारामभाऊ. मला न्हाई चालत.”

“आता त्याला काय करताव?”

“कामून न्हाई करायचं? मला कुणी इचारलं का? मपल्या हातात शेळी हळू पळत व्हती का? वाडीवर मी धरायची तवा तिनं कदी थांबून धरू दिलं न्हाई मला. ह्या बोटांना साठ जमलं आसतं. पहिल्या दिवसापासून साठ दिलं आसतं तर मी साठला शिकले असते. ह्यांनी अकरा वर्सं मला पन्नासची सवय लावली, आन परभणीला जाऊन त्या पोरीनं मला सांगावं, काकू, उशीर व्हतोय.”

त्या दिवशी तिनं मला कंपनीला पत्र लिहायला लावलं. इंग्रजीत, त्यांच्याच वेबसाइटच्या तक्रारीच्या पानावर. बहात्तर सेकंद लिहिले, डिस्कचा नंबर लिहिला, दोन्ही व्हिडिओ जोडले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आमच्या खेळावरील प्रेमाबद्दल आभार. हे जुनं मशीन आता दुरुस्तीच्या यादीत नाही. नवा भाग जरूर खेळून पाहा. खाली कुणाचं नाव नव्हतं.

मी वाचून मराठीत सांगितलं. ती सकाळची वेळ होती. दुकान उघडायच्या आधी ती तासभर एकटी लॅपटॉपवर बसते. मोजणं बंद केलंय, निदान बंद करायचा प्रयत्न चालू आहे. ओठ हलले की स्वतःवरच चिडते. दहात दोन झेल लागतात, कधी तीन.

“मी दुरुस्ती मागितली का?” ती म्हणाली. नजर पडद्यावरून काढली नव्हती.

“नाही.”

“मंग परत लिही. नीट लिही. नाव-गाव टाक, विजयमाला, जिंतूर, जिल्हा परभणी. आन एकच इचार. दुरुस्ती नको, पैसे नको, माफी बी नको.”

लोहारच्या नाकावर पुन्हा मूठ बसली. तिनं डाव थांबवला आणि माझ्याकडं वळली.

“इचार त्यांना, आमाला हळूच पुरंल हे त्यांच्यातल्या कोण्या माणसानं ठरवलं?”