परवच्यातली डिक्शनरी

आमच्या घरी दिवेलागणीला परवचा व्हायचा. हातपाय धुऊन देवासमोर बसायचं, श्लोक म्हणायचे, मग पाढे. मी नववीत गेले आणि बाबांनी त्यात इंग्रजी घुसवलं. जुन्या बाजारातून एक डिक्शनरी आणली. रोज दहा शब्द, पहिल्या पानापासून, ओळीने. पाढे असेच पाठ होतात, मग इंग्रजी का नाही होणार, असा त्यांचा सरळ हिशेब. मलाही तो पटला होता, खोटं कशाला बोलू! मी डोलत डोलत शब्द म्हणायची आणि भिंतीपलीकडची शेजारीण आईला विचारायची, "भाभीजी, कौन-सा मंत्र है?"

वार्षिक परीक्षेपर्यंत मी 'सी'पर्यंत पोचले. आईवर निबंध आला. तिशीतल्या माझ्या आईला मी 'अबंडंट' आणि 'एन्शन्ट', म्हणजे विपुल आणि पुरातन, ठरवून मोकळी झाले. 'सी'च्या पुढचं काही मला येतच नव्हतं. सपशेल नापास.

बाबा शहराच्या रिछाई भागातल्या एका कारखान्यात होते. राज्यांची वाटणी झाली तेव्हा त्यांचे भाऊ विदर्भात, म्हणजे तिकडे, राहिले. हे नोकरीपायी इकडे, हिंदी मुलखात. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि अडायचं मात्र इंग्रजीवाचून. पूरक परीक्षेची एक संधी होती. बाबा म्हणाले, "आता पास नाही झाली तर शाळा बंद. मी थकलो." मला शिकायचं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

महाराजपूरच्या आमच्या गल्लीत एक निवृत्त बाई राहायच्या. इंग्रजी शिकवण्यात जन्म गेलेला, घराणं मराठ्यांच्या काळापासून इथलंच. आईने मला त्यांच्यापुढे उभं केलं. मी परवच्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अच्छा. रोज दहा शब्द म्हणजे पंचवीस वर्षांत लाखसुद्धा होत नाहीत, आणि त्या भाषेत शब्द लाखांनी आहेत. सगळे कुणालाच येत नाहीत, बेटा. मलाही नाही येत."

एवढं ऐकूनच माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईंना सगळं येत नाही, हे मला कुणी आधी का सांगितलं नव्हतं?

मग त्यांनी मला शब्दांची घरं दाखवली. वॉटर, हाउस, काउ हे इंग्रज शेतकऱ्यांचे जुने शब्द. कोर्टकचेरीचे शब्द फ्रान्सहून येऊन त्यांच्यावर राज्य केलेल्यांचे. पुस्तकी, जड शब्द बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमधले. "आणि आपल्याकडूनही नेले," त्या म्हणाल्या. "जंगल, लूट, खाट. ठगसुद्धा! आपल्याच रस्त्यांवर फिरायचे ते." मी हरखूनच गेले. जिला मी इतकी घाबरत होते ती भाषा दारोदार हिंडून शब्द गोळा करून मोठी झाली होती. दोन महिने आम्ही डिक्शनरी फक्त अडलं की उघडली. एका शब्दाचं मूळ सापडलं की त्याच्या घरातले पाच-सहा ओळखीचे व्हायचे. चुकले की बाई म्हणायच्या, "चलो, फिर से." फीचा विषय आईने काढला तर रागावल्या.

मी पास झाले. पहिल्या नंबराने वगैरे नाही, चांगली पास. बाबा पेढे घेऊन बाईंकडे निघाले, मी मागे. पेढे ठेवून ते नमस्कार करून उभेच राहिले. बाई म्हणाल्या, "बसा ना." ते बसेनात. कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगावर होता. खाली बघत म्हणाले, "बाई, माझं शिक्षण सातवीपर्यंतच. साहेबाची इंग्रजी चिठ्ठी आली का मी दुसऱ्याले वाचाले देतो. पोरगी घोकत होती तेव्हा मीही मनात घोकून राहिलो होतो. मले शिकवाल काय?"

मला काहीच माहीत नव्हतं. वर्षभर मी आपल्याच नादात शब्द म्हणत होते आणि ते माझ्याशेजारी बसून शिकत होते.

बाईंनी पेढ्याचा तुकडा मोडून आधी त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "उद्यापासून या. पण शिकवील ही. मी नुसती जवळ बसेन."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "चालेल तुले?"

मी मान डोलावली.