काकांच्या रॅकेटचं गटिंग

ठोंबरेकाकांनी रॅकेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही विकून टाक पोरी. आपला खेळ संपला."

मी कर्जतला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर कशेळ्याच्या पुढं. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला काही सांगण्याआधी मी दोनदा विचार करते. कॉलेज सुटलं की भिसेगावजवळ रशीदचाचांच्या स्पोर्ट्‌सच्या दुकानात गटिंग करते. गटिंग म्हणजे रॅकेटला तारा लावणं. मशीनवर पाउंडाचा आकडा लावायचा, मशीन तार तेवढ्या जोरानं ओढून धरतं. आकडा जास्त तर जाळी कडक.

काका खोपोलीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. कॉलनीच्या कोर्टवर रोज सकाळी चार म्हातारे टेनिस डबल्स खेळतात, त्यातले एक. मुलानं त्यांना पॉली तारेचं अख्खं रीळ आणून दिलं होतं. पॉली टिकते, पण कडक असते. काकांनी ती अठ्ठावन्न पाउंडावर लावून घेतली आणि त्यांचं कोपर धरलं. डॉक्टरांनी व्यायाम दिले, खेळ कमी करायला लावला आणि सांगितलं, महिन्याभरात उतार पडला नाही तर टेनिस बंद.

रीळ वाया घालवायला काका तयार नव्हते. म्हणून मी भीत भीत हायब्रिड सुचवलं होतं. उभ्या तारा मऊ लावायच्या, आडव्या त्यांच्या पॉलीच्या. चेंडूचा धक्का जास्त करून उभ्या तारा घेतात, म्हणजे हाताला आराम. उभ्या बावन्नवर, आडव्या चोपन्नवर लावून दिल्या. आठ दिवसांनी काका रॅकेट विकायलाच आले.

"तुझा दोष नाय गं," ते म्हणाले. "वय झालं. त्या तिघांना चौथा शोधा म्हटलंय."

"मिळाला?"

"मिळतोय कुठं. एक जण म्हणाला, तू नुसता उभा राहा, बॉल आमी मारतो."

ते हसत गेले, पण रॅकेट ठेवून गेले. मी माझी वही काढली. प्रत्येक गटिंगचे आकडे मी तिच्यात लिहिते. बावन्न-चोपन्न. आमच्याकडे दहातल्या नऊ रॅकेट बॅडमिंटनच्या येतात. तिथं आडव्या तारा दोन पाउंड जास्त ओढायच्या, हे चाचांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. टेनिसलाही माझा हात आपोआप तसाच गेला होता. कडक तार उलट सैल लावायला हवी, तर तीच जास्त ताणलेली. मऊ तारेचा फायदा मीच घालवला होता.

मी चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"गिऱ्हाईक सोता बोलतंय वय झालं. तू कशाला अंगावर घेतेस?"

"चाचा, ते खेळ सोडतायत."

चाचांनी फोन माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "लाव फोन. शिव्या दिल्या तर माझ्याकडं दे."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे माझं कोपर तुझ्या सवयीनं दुखतंय?"

"थोडं तुमच्या पॉलीनं. बाकीचं माझ्या सवयीनं."

"मंग परत लाव," काका म्हणाले. " विकायची नाय अजून."

या वेळी उभ्या पन्नासवर, आडव्या शेहेचाळीसवर. काकांनी रॅकेट कानाशी धरली, तारांवर नख मारलं.

"मेली हाय ही. टण् नाय करत."

"काका, टण् करत होती तेव्हा कोपर दुखत होतं."

"तोंड चालायला लागलं रं हिचं," ते चाचांना म्हणाले.

"कॉलेजात शिकते ना," चाचा म्हणाले.

आठ दिवस गेले, काका आले नाहीत. मी रोज दरवाज्याकडं बघायची. नवव्या दिवशी आले. एकटे नाही, सोबत तेच तिघे, प्रत्येकाच्या हातात आपापली रॅकेट.

"दुखतंय अजून, पण निम्मं," काका म्हणाले. "डॉक्टर बोलले, हळूहळू खेळा. बॉल लांब जातो मात्र, ते तुझ्या तारेमुळं." बाकीचे तिघे म्हणाले, यांचा बॉल पहिल्यापासून लांबच जातो.

फरक फक्त तारांमुळे पडला असं मी म्हणणार नाही. व्यायाम चालूच होता, खेळही कमी होता. पण वहीत मी दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवले आहेत, चुकलेले आधी.

आता कुणीही रॅकेट घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारते, कुठला खेळ? रॅकेट बघून कळतंच. तरी विचारते.