दिलेलं प्यादं

दुसऱ्याच खेळीला उंटासमोरचं प्यादं पुढं सरकवायचं आणि पानात लाडू वाढावा तसा तळहात उघडून म्हणायचं, "घ्या, संकोच करू नका." सरांशी ज्यांनी बुद्धिबळ मांडलं, त्या सगळ्यांना हा आग्रह ठाऊक आहे. प्यादं फुकट द्यायचं आणि बदल्यात चाल करून जायला मोकळी वाट घ्यायची. याला गँबिट म्हणतात. सरांना दुसरी सुरुवात येतच नसावी.

नारायणगुड्याच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. निवृत्तीनंतर चिक्कडपल्लीत, त्यांच्या गॅलरीत, आमचा पट मांडला जाई. बहुतेकदा तेच हरत.

"रोज वाढता आणि रोज उपाशी उठता," वहिनी आतून म्हणत.

सत्तरीनंतर त्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती. खेळाडू म्हणून अधिकृत रेटिंग मिळावं. नामपल्लीच्या एका स्पर्धेत ते अगदी जवळ आलं. शेवटचा डाव बरोबरीत सुटला तरी पुरे होतं. समोर उर्दूचे एक निवृत्त प्राध्यापक होते.

"आज तरी साधं खेळा," मी बजावलं.

"हौ, हौ," म्हणाले आणि जाऊन तेच प्यादं पुढं केलं. बोलायला मनाई, म्हणून नुसता तळहात उघडला. पंचांनी डोळे वटारले.

प्याद्यापाठोपाठ उंटही गेला. पण सरांचे दोन्ही घोडे आत घुसले होते. प्राध्यापकांनी फार वेळ विचार केला, खेळी केली आणि हळूच विचारलं, "ड्रॉ?"

सरांनी मान हलवली. नको.

ते हरले. जिना उतरताना मी चिडून म्हणालो, "हातात आलं होतं, घ्यायचं."

"हल्ला संपला नव्हता हो. एवढं देऊन अर्ध्यावर कसं उठायचं?"

मग आजारपण आलं. पुढची स्पर्धा त्यांना खेळता आली नाही. रेटिंग न मिळताच ते गेले.

प्राध्यापक भेटायला आले. वहिनींशी चार शब्द बोलले, मग मला म्हणाले, "वो पोजिशन याद है?" मला पाठ होती. गॅलरीत मांडली. सरांच्या बाजूनं आम्ही दोघांनी खूप शोधलं. जिंकायची वाट कुठंच निघाली नाही.

प्राध्यापकांनी सरांचा एक घोडा उचलला आणि परत त्याच घरात ठेवला.

"फिर बी साब, उस दिन डर गया था मैं. इसीच वास्ते ड्रॉ मांगा."

वहिनी दारात उभ्या होत्या.

"ये उनकू बोलना था ना, भाईसाब," त्या म्हणाल्या.