फिलोमिनाची खिडकी

समुद्र बघायला आपण केळव्याला जाऊ या, असं मी सांगितलं तेव्हा फिलोमिनाने हातातला कोयता पाटावर ठेवला आणि मला नीट न्याहाळलं.

"माज्या मागल्या दारी दर्या हाय," ती म्हणाली. "उदानाला पानी पडवीला लागते. तो बगायला मी तिकीट काडून जाऊ?"

तिचं काही चुकत नव्हतं. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात तिचं घर, नवरा रॉबर्ट आणि मुलगा मायकल दोघेही होडीवर. तिला समुद्राची हौस ती काय सांगायची! पण मलाही माघार घेण्याची सवय नाही. मी मूळची देवगडची. वसईला एव्हरशाईन सिटीत राहायला आले त्या आठवड्यापासून कोपऱ्यावर बसणाऱ्या फिलोमिनाकडून मासे घेते आणि तेव्हापासूनच तिच्याशी भांडते. आमची मैत्री भांडणातूनच झाली. ती पापलेट महाग देते, मी तिला तोंडावर लुटारू म्हणते, ती मला "बाय, तू डाळ खा" म्हणते आणि वर दोन बोंबील जास्त टाकते.

आमच्यात तिसरी, माझी शेजारीण ज्ञानदा. शाळेत मुलांना गप्प बसवण्यात तिची हयात गेली. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, आणि माशाला हातसुद्धा न लावणारी. मी मासे साफ करून घेत असले की ती शेजारी स्टुलावर बसायची, नाकाला पदर लावून. पुढे पुढे मी नसले तरी बसायला लागली. पदर मात्र तिने कधी सोडला नाही.

दोन दिवसांनी फिलोमिनाने स्वतःच विषय काढला. माशाचे खवले काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडीत खिडकी भेटेल काय?"

"भेटेल की. दुपारच्या आत डहाणूच्या गाडीला काय गर्दी असते?"

"मंग येते. दर्या तुमी बगा, मी खिडकीत बसते."

मला हसू आलं. इतकी वर्षं गाडीने फिरलेली बाई खिडकीसाठी अडून बसते म्हणजे काय! पण मासेमारी बंद असते त्या पावसाळ्याच्या दिवसांत, होड्या किनाऱ्याला ओढल्या की जायचं, असं ठरलं.

जुलैतला तो दिवस छान उघडीप घेऊन आला. वसई रोडच्या फलाटावर फिलोमिना आमच्या आधीच येऊन उभी होती. निळी कोरी साडी, केसांत अबोलीची वेणी, हातात पर्स. टोपलीशिवाय तिला मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तिलाही हातांचं काय करावं ते कळत नसावं. पर्स या हातातून त्या हातात जात होती.

"साबन लावून दोनदा आंगोल केली," ती हळूच म्हणाली. "बग, वास येतो काय?"

"अबोलीला वास नसतो, साबणाचा येतोय," मी म्हटलं. गाडी आली. मी चढले, ज्ञानदा चढली. महिलांचा डबा अर्धा रिकामा. खिडकीची जागा हाताने अडवून मी मागे वळले, तर फिलोमिना नाही. गाडी हलली. ज्ञानदा दारातून ओरडली, तिच्या शाळेतल्या आवाजात, पण फलाटावर निळी साडी कुठेच दिसेना. मी घाईघाईने तिला फोन लावला.

"हाय गो, गाडीतच हाय," पलीकडून आवाज आला. "लगेजमदी."

म्हणजे मालडब्यात! आमच्या डब्यात चढायचं सोडून ही बाई टोपल्या आणि गाठोडी न्यायच्या डब्यात जाऊन उभी राहिली होती.

"पाय आपसूक गेले," ती म्हणाली. "वीस वर्सं मालाडला मावरा इकाया नेला, या डब्यातनंच नेला. पायांना काय ठावं, आज टोपली नाय ते?"

नालासोपाऱ्याला उतरून ये, मी म्हटलं. "येते, येते." आली नाही. विरारला गाडी बराच वेळ थांबली. मी दारातून वाकून पाहिलं. ती मालडब्याच्या दारात दांडा धरून उभी होती. मी हात हलवला, तिनेही हलवला, पण खाली पाऊल टाकलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाय चुकले असतील एकदा, पण आता ती मुद्दाम येत नव्हती. वैतरणा आणि सफाळे ती तशीच उभ्याने गेली. आमच्यासमोरची खिडकी रिकामी, बाहेर हिरवीगार भातखाचरं पळताहेत.

केळवे रोडला उतरल्यावर ज्ञानदाने तिला असं झापलं की बाकावरचा एक म्हाताराही उठून सरळ उभा राहिला. फिलोमिनाने सगळं ऐकून घेतलं. रिक्षात मधल्या जागी बसली आणि गावात पोचेपर्यंत पानवेलीच्या वाड्या बघत राहिली.

केळव्याला सुरूच्या झाडांखाली आम्ही डबे उघडले. ज्ञानदाच्या दशम्या, माझे भरलेले पापलेट, फिलोमिनाने आणलेला पाव. समोरचा समुद्र तिने एकदा गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहून घेतला. "गढूळ हाय," म्हणाली. मग पाव मोडता मोडता बोलायला लागली.

"मायकल पोटात होता. मालाडला सगला मावरा खपला, टोपली नलाखाली धुतली आनि परत आले. लगेजला लय दाटी. म्हनून बायकांच्या डब्यात चढले. खिडकी खाली होती, बसले. गार वारा आला. मना बरा वाटला. तवा एक बाई बोलली, ऊठ गो, वास मारतो. मंग सगल्याच बोलाया लागल्या. भायंदरला मना उतरवला. त्या दिसापासना मी त्या डब्यात पाय नाय टाकला."

"अगं, पण आज तर आम्ही होतो," मी म्हटलं.

"तुमच्यासमोर कोनी उटवला असता तर?" ती म्हणाली. "तुमी मना मैत्रीन म्हनून आनली. तुमच्यासमोर मी कोलीन म्हनून उतरले असते, तर मंग मी कोपऱ्यावर परत कशी बसनार होते?"

मला रडू आलं. मी लपवलंही नाही. ज्ञानदाने चष्मा पुसला आणि दशमीचा तुकडा फिलोमिनाच्या हातावर ठेवत ती म्हणाली, "जाताना बघते मी, कोण उठवतं ते."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ मी केला. परतीच्या वाटेवर एका दारात एक बाई सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, विकत होती. लालबुंद, मोठे, घसघशीत. देवगडच्या माणसाचा हात अशा वेळी त्याच्या ताब्यात नसतो. फिलोमिना डाफरली, "माज्याकडं सोडे नाय काय?" तरी मी घेतलेच. कागदात बांधून कापडी पिशवीत टाकले. गाडीत बसायचं आहे, याचा मला विसर पडला.

केळवे रोडला संध्याकाळची मुंबईकडे जाणारी गाडी मिळाली. या वेळी ज्ञानदाने फिलोमिनाचा एक दंड धरला आणि मी दुसरा. फिलोमिना डब्यात चढली. खिडकी मिळाली. आधी ती नुसती टेकली, मग हळूहळू पाठ लावली. गाडी सुटली आणि वारा तोंडावर आला तसा तिने डोळे मिटले, लगेच उघडले.

"भाताची लावनी झाली गो इकडं," ती म्हणाली. "लगेजच्या दारातनं एवडा दिसत नाय. पुढं मानसा असतात." थोड्या वेळाने एका तळ्याकडे बोट दाखवून, "कमला बग!" असं ती लहान मुलीसारखी ओरडली.

तेवढ्यात समोरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. "कोणी मच्छी आणली आहे का? किती वास येतोय!" आणि तिची नजर फिरत फिरत फिलोमिनावर येऊन थांबली. अबोलीची वेणी, साडी नेसायची पद्धत, काय ते तिने ओळखलं.

फिलोमिना उठली. कोणी ऊठ म्हटलं नव्हतं, तरी पर्स छातीशी धरून ती उठूनच उभी राहिली. मी पिशवी उचलायला वाकले, तोंड उघडणार तोच ज्ञानदाने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. मासा ज्या घरात शिजला त्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पिणारी ही बाई!

"वास माझ्या पिशवीचा आहे," ती म्हणाली. "सोडे आहेत. सुके. रात्री करणार आहे. तुम्हाला त्रास होत असेल तर तिकडे पुष्कळ जागा आहे." मग मान न वळवता, "फिलोमिना, खाली बस."

ती बाई जागची हलली नाही, पण रुमाल पर्समध्ये ठेवून फोन बघायला लागली. फिलोमिना अजून उभीच. मला वाटलं, आता ही दाराकडे जाणार आणि सफाळ्याला उतरून आपला डबा गाठणार. तिने ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदा पिशवी दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, ताठ बसली होती. चेहरा लाल झाला होता.

फिलोमिना बसली. "सोडे कशाशी खातात, म्हायती हाय तुला?" तिने विचारलं.

"तू सांगशील," ज्ञानदा नाकातून म्हणाली.

आम्ही तिघी इतक्या हसलो की समोरची बाईसुद्धा ओठ दाबून खिडकीकडे बघायला लागली. वैतरणेच्या पुलावर फिलोमिनाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि खाडीतल्या एका एकट्या होडीला, बंदी असताना बाहेर पडली म्हणून, यथेच्छ शिव्या दिल्या.

विरारला डबा भरला. रात्रपाळीला निघालेली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम, आमच्या बाकांमध्ये येऊन उभी राहिली. महिलांच्या डब्यात सगळ्याजणी करतात तसं तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे वाकून विचारलं, "मावशी, कुठे उतरणार?"

फिलोमिनाने आधी आमच्याकडे पाहिलं. मालडब्यात हे कोणी विचारत नाही; तिथे सीटसाठी असे नंबर लागत नाहीत. ती मुलगी वाट बघत उभी होती. तिला काही वास येत नव्हता, तिला फक्त जागा हवी होती, आणि ती जागा फिलोमिनाची होती.

"वसईला," फिलोमिना म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "त्याच्या आदी नाय."

"मग तुमची सीट मला हां, मावशी. दुसऱ्या कोणाला देऊ नका."

"दुसऱ्या कोनाला कशाला देईन?"

नालासोपारा गेलं. आम्ही दोघी दाराकडे सरकलो, तरी ती बसून होती. वसईचा फलाट लागला तेव्हा ती उठली, पण जागेवरून हलली नाही. मागून एक धिप्पाड बाई घुसत होती; तिला कोपराने थोपवून फिलोमिनाने त्या मुलीचा हात धरला आणि तिला खिडकीत बसवलं.

"बस, बाय," ती म्हणाली. "आनि कोनी उटवला, तर उटू नको."