डब्यातले कॅमेरे

तीनेकेबाईंनी योरिनला पहिल्यांदा नीट पाहिलं ते जिन्यात. अ‍ॅम्स्टरडॅमच्या उत्तर भागातल्या त्या इमारतीत, बाईंच्या वरच्या मजल्यावर ती नुकतीच राहायला आली होती. पायरीवर बसून ती डोळे मिटून एक फोन सुटा करत होती आणि पुन्हा जोडत होती.

"दिसत नाही का गं तुला?"

"दिसतं की. पण म्हाताऱ्या माणसांनाही जमायला हवं ना."

"माझ्यासारख्यांना, असं सरळ म्हण."

"तुमच्यासारख्यांनाच," योरिन म्हणाली आणि फोन त्यांच्या हातात दिला.

तिच्या छोट्या कंपनीने तो फोन घडवला होता. बॅटरी गेली तर बॅटरी बदला, काच फुटली तर काच; बाकीचा फोन कचऱ्यात जायचं कारण नाही. या एका गोष्टीवर योरिनचा जीव होता. बाईंनी नखाने कॅमेरा काढून पुन्हा बसवला, तेव्हा ती शाळकरी मुलीसारखी लाजली. बाईंनी लगेच तसाच फोन घेतला.

काही वर्षांनी, बाईंच्या एका वाढदिवसाला ती खाली आली. खुर्च्या गोल मांडलेल्या, कॉफी, प्रत्येकाला केकचा एकच तुकडा. तिथल्या रीतीप्रमाणे येणारा प्रत्येक जण बाईंचं, मग त्यांच्या मुलाचं, सुनेचं आणि शेजारीण म्हणून योरिनचंही अभिनंदन करत होता. मुलाने, वेसेलने, आईच्या हातात एक पुडी ठेवली. आत फोनचा नवा कॅमेरा.

"जुना बिघडला?" योरिनने विचारलं.

"छे. हा जास्त चांगला आहे. दरवर्षी आईला काय द्यायचं हा प्रश्नच असतो. मोजे तरी किती देणार? तुझा फोन आला आणि मी सुटलो."

सगळे हसले.

"आणि जुने?"

बाईंनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत कॅमेरे, स्पीकर, बॅटऱ्या. प्रत्येक भाग कागदी रुमालात गुंडाळलेला. "टाकलं काहीच नाही गं मी. सगळे चालू आहेत."

योरिनने एकेक भाग उघडून पाहिला आणि होता तसाच गुंडाळून ठेवला. केकला तिने हात लावला नाही. आपल्या हातून या मुलीचं काहीतरी मोडलं, एवढंच बाईंना जाणवलं.

पुढच्या आठवड्यात जिन्यात तिनेच सांगितलं. बिघडलेला भाग परत देईल त्यालाच नवा विकायचा, असं तिने कंपनीत सुचवलं होतं.

"आमचे वरिष्ठ म्हणाले, माणसाला वर्षानुवर्षं फोन बदलावा लागू नये ही सोय तूच केलीस. मग आपण जगायचं कशावर? या सुट्या भागांवरच."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? खोटं नव्हते बोलत."

"सोड मग ती नोकरी."

"आणि दुसरीकडे जाऊन काय करू? न उघडणारे फोन?"

बाईंनी वेसेलला बजावलं, पुढच्या वर्षी मोजेच आण. त्याने मोजे आणले. नुसते मोजे बरे दिसत नाहीत म्हणून सोबत फोनचा एक स्पीकरही.

योरिन अजून तिथेच आहे. सध्या ती त्याच फोनच्या नव्या, आणखी चांगल्या कॅमेऱ्यावर काम करते. डिसेंबरातल्या भेटवस्तूंच्या सणाआधी तो दुकानात यायचा आहे.