उपमा नाय, भाकरी हाय

लिमये बाई मेल्या, त्याला आज वर्ष झालं.

'मेल्या' काय लिहितेस म्हणून कमेंटमध्ये ओरडू नका. बाईंचीच तशी ऑर्डर होती.

"मी गेल्यावर 'काळाच्या पडद्याआड' वगैरे लिहिलंस ना दर्शना, तर वरून येऊन मार्क कापीन."

आणि मी शहाणीने गेल्या वर्षी काय लिहिलं? आधारवड कोसळला. ज्ञानदीप मालवला. सगळं एकाच पोस्टमध्ये.

लाईक्स भरपूर आले. मग बाईंच्या मिस्टरांचा, म्हणजे काकांचा फोन आला.

"छान लिहिलंयस गं. पण एकाच वेळी झाड पण आणि दिवा पण? तिने लाल पेन काढलं असतं."

पोस्ट लगेच डिलीट केली. बाई आमच्या निबंधांखाली लिहायच्या ना, 'दुरुस्ती करून आण'? ही ती दुरुस्ती. एक वर्ष उशिरा.

कामोठ्यात बाईंच्या हॉलमध्ये दहावीचा मराठीचा क्लास चालायचा. मी ओवे गावातून रिक्षाने यायचे. बाकीची मुलं तिथल्याच सेक्टरमधली.

मी 'हाय', 'नाय' बोलले की ती खुसुखुसु हसायची. मग मी तोंड उघडणंच बंद केलं.

एके दिवशी अलंकार चालू होते. माझं सगळं लक्ष दप्तरातल्या डब्याकडे. बाई अचानक म्हणाल्या, "दर्शना, तू एक उपमा दे बघू."

मी म्हटलं, "बाई, उपमा नाय. भाकरी नि सुकट हाय."

पोरं गडाबडा लोळायची बाकी राहिली. बाईपण हसल्या. तेच मला जास्त लागलं.

घरी जाऊन आईला सांगून टाकलं, मराठीत नापास झाले तरी चालेल, त्या क्लासला परत पाय ठेवणार नाही. तीन दिवस गेले नाही.

चौथ्या दिवशी बाई आमच्या दारात. हातात स्टीलचा डबा. डब्यात उपमा.

"मी हसले ते चुकलं माझं," चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या. "पण तू केलास त्याला श्लेष म्हणतात. एक शब्द, दोन अर्थ."

"मी मुद्दाम नाय केला बाई."

"मग तर जास्तच चांगला."

तेवढ्यात आई बाहेर आली. "बगा ना बाई, तीन दिस अशी बसलीय, भिजलेल्या कोंबरीसारकी."

बाईंनी पर्समधून वही काढली. "परत म्हणा हो, लिहून घेते."

आई घाबरली. तिला वाटलं, तक्रार लिहून घेतायत.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आईचं वाक्य. शेजारी 'उपमा अलंकार', खाली 'दर्शनाची आई, ओवे'. बाईंनी मलाच मोठ्याने वाचायला लावलं. मी 'कोंबरी'च वाचलं. पोरं हसली, पण त्या दिवशी मलाही हसू आलं. त्यानंतर मी वर्गात गप्प अशी बसलेच नाही.

एक अलंकार मात्र डोक्यात शिरला नाही. अनन्वय. एखाद्याला दुसऱ्या कशाचीच उपमा सापडत नाही, म्हणून त्याची त्यालाच द्यायची.

"म्हणजे उत्तर येत नाही म्हणून प्रश्नच परत लिहायचा?" मी विचारलं होतं.

"कळेल तुला," बाई म्हणाल्या. "त्याला एखादा माणूस लागतो."

बोर्डात नेमका तोच आला. मार्क गेला.

आता मी बिल्डरांच्या जाहिराती लिहिते. तळोज्याच्या फ्लॅट्ससाठी 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलं, तर होर्डिंग लागल्या दिवशी बाईंचा फोन. "अगं, त्या कुशीला केमिकलचा वास येतो. अतिशयोक्ती मी समजू शकते, ही तर थाप आहे."

पुढच्या जाहिरातीत मी नुसतं 'स्टेशनपासून जवळ' लिहिलं. त्यावरही फोन आला.

या दुरुस्तीसाठी आठवडाभर बाईंना साजेशी उपमा शोधत होते. एकही धड जमेना. शेवटी काल आईला विचारलं. तिच्याकडे कोंबडीपासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांसाठी काहीतरी तयार असतं.

"आई, लिमये बाई कशासारख्या होत्या गं?"

आई भाजी निवडत होती. थांबली. हातातली जुडी खाली ठेवली.

मग म्हणाली, "बाई ना? बाई बाईंसारक्याच व्हत्या."

बाई, कळला अनन्वय. बोर्डातला तेवढा एक मार्क द्या आता.

खूप आठवण येते तुमची. नमस्कार.