डावा हात पुन्हा परका होऊ नये म्हणून

माझा डावा हात एकदा अकरा महिने माझा नव्हता. थाप वाटत असेल तर पालेगावात आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. कुणालाही म्हणजे चार बिऱ्हाडांना. बाकीचे फ्लॅट अजून कुलूपबंद आहेत आणि भर दुपारी लिफ्ट कुणी न बोलावता वरखाली करते.

तेव्हा मनगट मोडलं होतं. हाड वेळेत जुळलं, पण दुखणं जायचं सोडून वाढतच गेलं. हात निळा, चकचकीत झाला. कधी बर्फ, तर कधी असा तापलेला की वर पापड भाजावा. पंख्याचा वारा लागला तर मी ओरडायचे आणि तिकडे विठ्ठलवाडी डेपोत ड्रायव्हर ब्रेक मारायचे. पण हे पुढचं वाढवून सांगत नाही हं. दुपारी कूस बदलली की उशीवर एक हात दिसायचा आणि मनात यायचं, ही कोण बाई माझ्या शेजारी येऊन निजलीय?

कापसापासून खरखरीत टॉवेलपर्यंत एकेक स्पर्श नव्याने शिकवून तो हात मी परत मिळवला. आणि यंदा उल्हासनगरला, जिथे मी जीन्स शिवते त्या कारखान्याच्या जिन्यावरून घसरले. मनगट तेच. हाड मोडल्याचा आवाज मला आला नाही. जिन्यात कुणीतरी हळूच हसल्याचा आला.

प्लास्टर घालून घरी आले तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, शाल घेऊन तयार.

"झाकून ठेव. बोटसुद्धा हलवायचं नाही. मी आहे ना!"

मागच्या वेळीही त्यांनी असाच हात गुंडाळून ठेवला होता आणि मीही त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. म्हणून या वेळी फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आधीच बजावलं होतं, "मनगट गप्प बसू दे, बोटं नाही. हात उघडा ठेवा, रोज बघा, त्याला झेपतील ती हलकी कामं सांगा. प्लास्टर घट्ट वाटलं तर त्याच दिवशी या. ते दुखणं परत येऊ द्यायचं नाहीये आपल्याला."

"कालची पोर ती," आत्या म्हणाल्या. "तिला काय कळतंय?"

मी दर तासाला बोटं उघडमीट करायचे, आत्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

आठव्या दिवशी दुपारी मेथी निवडत होते. उजवी बोटं कोमट, डावी गार. टोकं जांभळी. प्लास्टरच्या आत काहीतरी अंग चोरून बसल्यासारखं वाटलं. तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबली, दार सरकलं. बाहेर कुणीच आलं नाही.

"आत्या," मी म्हटलं, "ती बाई परत आली बहुतेक."

कोण, असं त्यांनी विचारलं नाही. बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चप्पल घाल."

अंबरनाथच्या डॉक्टरांकडे जायला रिक्षा केली. आत्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मागच्या वेळी तू दुपारची निजायचीस ना, तर तो हात जागा असायचा. मी बघितलंय. बोटं अशी... म्हणून झाकायचे गं मी. तुझ्यासाठी नाही. मला बघवायचं नाही."



सूज चढून प्लास्टर आवळलं होतं. डॉक्टरांनी ते कापून दुसरं घातलं. "वेळेत आलात," एवढंच म्हणाले. बोटं हळूहळू गुलाबी झाली. त्या दिवसापासून शाल कपाटात गेली आणि तासातासाला आत्याच ओरडू लागल्या, "हलव! काय म्हातारीसारखी बसलीस?"

प्लास्टर कायमचं निघालं, तेव्हा आतून वाळकं, कोंडा धरलेलं मनगट निघालं. घरी येऊन आम्ही दोघी पलंगावर समोरासमोर बसलो. मी डोळे मिटले. आत्यांनी माझा अंगठा धरला.

"हा कुणाचा?"

"माझा."

"आणि हे बोट?"

"माझं."

असं करत करंगळीपर्यंत आलो. तिथे मी थांबले. उत्तर आलं होतं, पण उगाच थांबले. एका डोळ्याने बघितलं, तर आत्यांचा चेहरा पांढराफटक.

"माझीच हो!"

"मेली!" म्हणत त्यांनी त्याच हातावर चापट मारली.

दुखलं. अगदी साधं दुखलं.